जाऊबाईंचा पासपोर्ट

पासपोर्ट मोठ्या बॅगेत ठेवायचा नाही, हे मी जाऊबाईंना शंभरदा सांगितलं होतं. भाजी निवडताना सांगितलं, कपडे वाळत घालताना सांगितलं, त्या आंघोळीला गेल्या तेव्हा दाराबाहेर उभी राहूनही सांगितलं. बंदरावर टॅक्सी थांबली की हमाल मोठ्या बॅगा ताब्यात घेतात. त्या परस्पर जहाजात जातात आणि काही तासांनी आपल्या खोलीच्या दाराशी येतात. मधल्या वेळात बॅग आपली नसते. म्हणून पासपोर्ट, औषधं, चष्मा हे सगळं हातातल्या पर्समध्ये. दर वेळी त्या "बरं" म्हणाल्या. आणि आता काउंटरसमोर उभ्या राहून, पर्समध्ये कोपरापर्यंत हात घालून, शांतपणे मला सांगत होत्या, "अगं, तो मोठ्या बॅगेतच राहिला वाटतं."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे.

"बघू ती पर्स इकडे," मी म्हटलं.

त्यांनी पर्स काखेत मारली. "मला काय दिसत नाही का? बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे. हिरव्या रुमालात गुंडाळून ठेवलाय, अगदी नीट."

"नीट! एवढं नीट ठेवायला कुणी सांगितलं होतं?"

आमच्या मागे रांग होती. जहाजावर चढायची रांग म्हणजे सगळी जोडप्यांची आणि कुटुंबांची असते, आणि सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे असतात. कुणी उसासा टाकला, कुणी घड्याळ बघितलं. काउंटरवरच्या मुलीनं मात्र आवाज चढवला नाही. तिला अशा बायका रोज भेटत असाव्यात.

"पासपोर्टशिवाय यांना सोडता येणार नाही," ती म्हणाली. "आणि बॅगा आत गेल्यात, हजारो आहेत, आता त्यातून एक शोधून काढणं शक्य नाही. पण तुम्ही चढा. बॅग खोलीवर आली की पासपोर्ट काढून खाली दारापाशी आणून द्या, आम्ही या बाईंना लगेच घेऊ. फक्त जहाज सुटायच्या जरा आधी दार बंद होतं. त्यानंतर कुणासाठीही उघडत नाही."

"आणि बॅग त्याच्या आधी नाही आली तर?"

"येते सहसा," ती म्हणाली.

सहसा! मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून आयुष्य काढलं. 'सहसा' हा शब्द आम्ही कधी वापरायचो ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी म्हटलं, मीही थांबते, दोघी मिळून बघू. तर जाऊबाईंनी मला कोपरानं पुढे ढकललं. "तू थांबलीस तर बॅग उघडणार कोण? जा तू. मी त्या बाकावर बसते. पंखा आहे, पाण्याची सोय आहे. माझी काळजी करू नकोस." आणि त्या खरंच जाऊन बाकावर बसल्या, पर्स मांडीवर, पाय जुळवून, जणू दवाखान्यात नंबर लागायचाय.

आमच्या दोघींचे नवरे सख्खे भाऊ. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा जाऊबाईंनीच मला स्वयंपाकघरात कुठलं भांडं कुठे ते दाखवलं, आणि भांडी अजून तिथेच आहेत. सासूसासरे गेले, नणंदा सासरी गेल्या, मग आधी दीर गेले आणि पाठोपाठ माझे हे. मला मूल नाही. जाऊबाईंचा मुलगा लांब नोकरीला आहे. त्याला मी काकू कमी आणि आई जास्त, असं तो म्हणतो, निदान मी विचारलं की म्हणतो. ही सहलही त्यानंच काढून दिली. "दोघी जा, समुद्र बघा," म्हणाला. आठ दिवस जहाजावर. मी आयुष्यभर लोकांना कुठली बस कुठून सुटते ते सांगितलं, स्वतः मात्र कुठे गेले नाही. म्हणून तिकिटं आल्यापासून मी जहाजाची सगळी माहिती गोळा केली आणि जाऊबाईंना वाचून दाखवली. त्या शेंगा सोलत ऐकायच्या. मध्ये एखादा प्रश्न विचारायच्या, तोही अगदी मुद्द्याचा. एकदा त्यांनी विचारलं, "आणि एखादं माणूस चढलंच नाही, तर त्याच्या बॅगेचं काय होतं?" मी सांगितलं, ज्याचं माणूस नाही त्याची बॅगही जात नाही, शोधून उतरवून टाकतात, सुरक्षेचा नियम आहे. "बरं," त्या म्हणाल्या.

मी बोलते जास्त, हे मला माहीत आहे. आमचे हे म्हणायचे, तुझ्या तोंडाच्या पट्ट्याला म्यान नाही. पण घरात एकीनं बोलावं आणि एकीनं ऐकावं, त्यालाच तर घर म्हणतात. आमच्या घराची एक रीत होती. बाहेरून कुणी आलं की चपला काढता काढता म्हणायचं, "आले हो," आणि आतून जी असेल तिनं म्हणायचं, "ये." मी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली तरी "आले हो". माझं कधी चुकलं नाही आणि त्यांचं "ये" कधी चुकलं नाही.

तर मी एकटी पुढे गेले. पर्स ट्रेमध्ये ठेवली, कमानीतून गेले, कमान वाजली, बांगड्या दाखवल्या. एका बाईनं माझा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरायला लावला आणि हातात एक कार्ड दिलं. हेच खोलीची किल्ली, हेच ओळख, हेच सगळं, हरवू नका म्हणाली. हे सगळं मला पाठ होतं. पुढे काय होणार ते कुणाला तरी आधी सांगावं म्हणून मी दोनदा मान वळवली.

मग तो पूल आला, बंदरातून जहाजात जाणारा. बंद, लांब, चढाचा, पायाखाली जाडसर रबर. पुलाच्या तोंडाशी फोटोवाला उभा होता आणि त्याच्या मागे जहाजाचंच चित्र रंगवलेला पडदा. खरं जहाज दहा पावलांवर असताना चित्रापुढे का उभं राहायचं, हे त्यालाच ठाऊक.

"दोघी ना?" त्यानं विचारलं. माझ्या मागे कुणीतरी बाई होती, तिच्यामुळे त्याला वाटलं असेल.

"दुसरी येतेय मागून," मी म्हटलं. "तेव्हा काढा."

"तोवर एकटीचा काढतो. हसा."

मी हसले. तसा फोटो चांगला आला असेल. मी फोटोत नेहमी डावीकडे उभी राहते, जाऊबाई उजवीकडे. त्या दिवशीही मी डावीकडेच उभी राहिले, हे मला पुलावर चढल्यावर लक्षात आलं.

जहाज आतून मोठं असतं असं मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. आत पाऊल टाकलं तर समोर संगमरवरी जिना, पितळी कठडा, वर तीन मजले दिसताहेत, कुणीतरी पियानो वाजवतंय, आणि हातात पेले घेतलेली माणसं इतक्या सहजपणे फिरताहेत की जणू जन्मली तिथेच. मला कुणी ओळखत नव्हतं आणि कुणाला माझी चौकशी करायची नव्हती. मी लिफ्टनं आमच्या मजल्यावर गेले. दोन्ही बाजूंना सारखीच दारं, सारखाच गालिचा, शेवट दिसत नाही असा बोळ. चालून चालून पाय दुखले. आपली खोली आली तेव्हा कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, दार उघडलं.

खोली लहान पण नेटकी. दोन खाटा जोडून एक केलेल्या. उशांवर टॉवेलांच्या घड्या घालून केलेले दोन हंस. कपाटात केशरी रंगाची दोन जीवरक्षक जाकिटं. आरशापाशी दोन पेले. सगळं दोन-दोन. खोल्या सांभाळणारा माणूस दारात आला, नमस्कार करून म्हणाला, "खाटा वेगळ्या करून देऊ का?"

"द्या," मी म्हटलं. "खिडकीकडची त्यांची. त्यांना पहाटे उठून बाहेर बघायची सवय आहे. मला भिंतीकडची चालेल."

"त्या कुठे आहेत?"

"खाली. पासपोर्टची जरा गडबड झालीय." आणि मी त्याला सगळी हकिगत सांगितली, हिरव्या रुमालासकट. बिचारा ऐकत राहिला. त्याला आणखी बारा खोल्या बघायच्या होत्या, हे मला नंतर सुचलं.

बॅग आली नव्हती. मी जाऊबाईंना फोन लावला. त्यांच्या मागे बंदराच्या सूचना ऐकू येत होत्या.

"बसलेय मी आरामात," त्या म्हणाल्या. "खोली कशी आहे?"

"खिडकी मोठी आहे. तुम्हाला आवडेल. बॅग आली की धावत येते. भूक लागलीय का?"

"नाही. तू जेवून घे. सगळ्यात वरच्या मजल्यावर असतं ना जेवण? तूच म्हणाली होतीस."

म्हणाले होते खरं. जहाजावर चढलं की खोल्या तयार होईपर्यंत सगळे वरच जातात, म्हणून तिथे गर्दी असते, हेही म्हणाले होते. गर्दी होतीच. थाळी घेऊन मी रांगेत शिरले आणि दोघींना पुरेल एवढं घेतलं. हाताला सवय. खिडकीशी दोन माणसांचं टेबल मिळालं. समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवली, जागा धरायला. एका गृहस्थांनी येऊन विचारलं, "इथे कुणी आहे?" मी म्हटलं, "हो." ते गेले. मग आणखी एक बाई येऊन गेली. तिलाही मी "हो" म्हटलं. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. मी खालच्या बंदराकडे बघत जेवले. इतक्या उंचीवरून माणसं दिसत होती, पण बाक दिसत नव्हता.

जेवण चांगलं होतं. चांगल्या जेवणाला 'चांगलं आहे' म्हणायला समोर कुणी नसलं की ते घशाखाली उतरतं एवढंच.

परत बोळात आले तर माझी लाल बॅग दाराशी उभी! माझ्या जिवात जीव आला. पण जाऊबाईंची तपकिरी नव्हती. मी शेजारच्या दाराशी बघितलं, समोरच्या दाराशी बघितलं, पार टोकापर्यंत जाऊन आले. लोकांच्या बॅगा हात लावून उलट्या केल्या. एका दारातून एक बाई बाहेर आली आणि तिनं आपली बॅग माझ्याकडे बघत आत ओढून घेतली. मला चोर समजली असेल. समजू दे.

मग भोंगा वाजला आणि ती कवायत आली. संकटकाळी कुठे जमायचं ती. हिच्यावाचून जहाज सुटत नाही. प्रत्येकानं आपापल्या ठिकाणी हजर व्हायचं आणि कार्ड दाखवायचं. आमचं ठिकाण म्हणजे एक नाटकगृह होतं, लाल खुर्च्यांचं. सगळे आपापल्या माणसाला कोपरखळ्या मारत हसत होते. नवरे बायकांना जाकिटाच्या दोऱ्या बांधून दाखवत होते. दारातल्या माणसानं माझं कार्ड यंत्राला लावलं आणि यंत्राकडे बघत म्हणाला, "तुमच्या खोलीतलं दुसरं माणूस?"

"अजून चढल्या नाहीत."

"म्हणजे चढणार आहे?"

"अर्थातच चढणार आहेत!" माझा आवाज जरा जोरातच लागला असावा. पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून बघितलं. "पासपोर्टसाठी थांबल्यात. बॅग तुमच्या लोकांकडे अडकलीय, आधी ती द्या."

त्यानं पुढच्याचं कार्ड हातात घेतलं. मी खुर्चीवर बसले आणि मला रडू आलं. पासष्टी ओलांडलेली बाई, केशरी जाकिटांच्या गर्दीत, कवायत सुरू असताना. बॅगेसाठी नव्हे. मला एकदम कळलं की जाऊबाई आल्या नाहीत तर मला या जहाजावर आठ दिवस काढता येणार नाहीत. समुद्र बघून मी कुणाला सांगू? मला कुठलीही गोष्ट बघितल्यासारखी वाटतच नाही, ती जाऊबाईंना सांगितल्याशिवाय. एवढ्या वर्षांत हे मी त्यांना कधी बोलले नव्हते. बाकी सगळं बोलले, हेच राहिलं. ठरवलं, आता त्या वर आल्या की पहिलं हे सांगायचं.

कवायत सुटली. मी त्यांना पुन्हा फोन लावला, तो वाजत राहिला. बंदरावरच्या गलक्यात आवाज ऐकू आला नसेल म्हणून मी सोडून दिला आणि जवळजवळ पळत बोळात आले. दार बंद व्हायला थोडाच अवकाश होता. आणि दाराशी तपकिरी बॅग!

ती मी आत ओढली, जमिनीवरच फतकल मारली, वरचा कप्पा उघडला. हिरवा रुमाल होता. अगदी नीट गुंडाळलेला. रुमाल सोडला तर आत माझा जुना चष्मा.

मी पुन्हा कप्प्यात हात घातला. काही नाही. मग सगळी बॅग उघडली. वर माझी राखाडी शाल. त्याखाली माझे लोकरीचे मोजे; माझे पाय रात्री गार पडतात. गरम पाण्याची पिशवी. मळमळीवरच्या गोळ्या, मी नको म्हटलेल्या. आणि तळाशी, चेपून चेपून बसवलेली, माझी पातळ उशी. ही उशी मी न्यायची नाही असं ठरवलं होतं, लोक हसतील म्हणून. तिच्यावाचून मला झोप येत नाही, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं आणि त्यातलं एक आता नाही.

जाऊबाईंचं त्या बॅगेत काही नव्हतं. एक पातळ नाही, एक रुमाल नाही, कंगवासुद्धा नाही.

मी बॅगेला लावलेली चिठ्ठी बघितली. दोन्ही बॅगांच्या चिठ्ठ्या त्यांनीच लावल्या होत्या. मी म्हटलं होतं मी लावते, तर म्हणाल्या, तुला डिंक लावता येत नाही. तपकिरी बॅगेवरही नाव माझंच होतं. ज्याचं माणूस नाही त्याची बॅगही जात नाही. त्यांनी शेंगा सोलत सगळं ऐकलं होतं. घडा पालथा नव्हताच.

मी तशीच खाली धावले. लिफ्टची वाट बघितली नाही, जिने उतरले. पुलाच्या दाराशी सुरक्षारक्षक उभा होता आणि दोघं जण रांगेसाठी बांधलेले दोर काढून ठेवत होते. मी फोन लावला. या वेळी त्यांनी लगेच उचलला.

"जाऊबाई, पासपोर्ट कुठे आहे?"

"पर्समध्ये."

"कुणाच्या?"

"माझ्याच. आणखी कुणाच्या असणार?"

"मग या ना! दार अजून उघडं आहे, मी थांबवते यांना. कुठे आहात तुम्ही?"

"टॅक्सीत," त्या म्हणाल्या. "डेअरीच्या वळणावर आलेय. पोचतेच आता घरी."

मी विचारलं, बरं वाटत नाहीये का. म्हणाल्या, ठणठणीत आहे. पाण्याची भीती वाटली का? नाही. मुलाशी काही बोलणं झालं का? तेही नाही. मग मी विचारलं, "माझं काही चुकलं का?"

त्या टॅक्सीवाल्याला "डावीकडे घे" म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "माझ्या माहेरी आम्ही दोन खोल्यांत नऊ माणसं. इथे आले तर भरलं घर. मग तू आलीस, मग पोरगा झाला. एकेक करून सगळे गेले, म्हटलं आता घर जरा मोकळं होईल. तर तू रिटायर झालीस."

मी हसले. हसण्यासारखंच होतं ते, आणि त्या सांगतही होत्या हसत. पण हसू अर्ध्यातच थांबलं.

"मला एकदा कुलूप काढून आत जायचंय, आणि आत कुणी नको," त्या म्हणाल्या. "आले हो म्हणायला नको आणि ये म्हणायला नको. चहा करीन नाही तर नाही करणार. खिडकीत बसेन. आठ दिवस फक्त. मग तू ये."

"मला सरळ सांगायचं होतंत."

"काय सांगणार? घर सोडून जा म्हणू? घर जेवढं माझं तेवढंच तुझं. आणि सांगितलं असतं तरी तू गेली असतीस कुठे?"

खरंच, कुठे गेले असते? मला माहेर उरलेलं नाही. लेक नाही, मुलगा नाही.

"तेच तर," त्या म्हणाल्या, मी काही बोलले नव्हते तरी. "म्हणून पोराला मीच म्हटलं, आम्हाला जहाजावर पाठव. आणि पुढचं सगळं तूच शिकवलंस. माझा तुझ्यावर राग नाही गं. तू चांगली आहेस. माझ्या पाठच्या बहिणीनं केलं नसतं एवढं तू माझं केलंस. पण तू सतत असतेस."

मी फोन कानाला धरून उभी राहिले. सुरक्षारक्षक जवळ आला. "बाई, त्या येताहेत का? की तुम्ही उतरताय? उतरलात तर परत चढता येणार नाही. लवकर सांगा."

इकडे आड आणि तिकडे विहीर. पुलाच्या पलीकडच्या टोकाला ऊन दिसत होतं. उतरून टॅक्सी केली असती तर तासाभरात घरी पोचले असते. बेल वाजवली असती, त्यांनी दार उघडलं असतं. एक शब्द लागट बोलल्या नसत्या. "ये," म्हणाल्या असत्या आणि दोन कप चहा टाकला असता. ते "ये" माझ्या कानात अगदी स्पष्ट वाजलं. आणि मला वाटलं, मी ते आयुष्यभर ऐकलं, पण ते म्हणताना त्यांचा चेहरा कसा असतो ते कधी बघितलंच नाही. मी तेव्हा वाकून चपला काढत असते.

त्यांना सांगायचं ठरवलेलं ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी गिळलं. आता ते सांगणं म्हणजे टॅक्सी मागे फिरवायला लावणं होतं, आणि त्या फिरवतील अशी मला भीती होती.

"गॅस खालूनही बंद करत जा," मी म्हटलं. "आणि रात्री मागच्या दाराची कडी लावा, ती अडकते, जरा उचलून लावायला लागते."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं."

"आणि मी रोज फोन करणार नाही."

'कर गं' म्हणतील असं मला वाटलं होतं. टॅक्सी थांबल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा, लावल्याचा. "ठेवते," त्या म्हणाल्या.

"काय ठरलं?" रक्षकानं विचारलं.

"कुणी येणार नाहीये," मी म्हटलं. "करा बंद."

वर जाताना मी लिफ्टनंच गेले. लिफ्टमध्ये एक जोडपं होतं. त्या बाई मला म्हणाल्या, "चला, सुटणार एकदाचं." मी म्हटलं, "हो." त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाबरोबर?" मी मजल्याचा आकडा बघत होते, मला ऐकू आलं नाही असं दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी चौकशीला उत्तर दिलं नाही.

बोळ तसाच लांब होता. आता दारांशी बॅगा उरल्या नव्हत्या; सगळ्यांनी आत घेतल्या होत्या. दारांमागून हसण्याचे, नळाचे, पोरांच्या उड्यांचे आवाज येत होते. पायाखाली काहीतरी हललं, अगदी थोडं, आणि मला कळलं की आम्ही निघालो. "निघालं बघा," असं मी म्हणणार होते.

खोलीशी पोचले. तिकडे जाऊबाईही आत्ता कुलूप काढत असतील. त्या कुलपाची किल्ली दोनदा फिरवावी लागते. दार ढकलतील. आत कुणी नसेल, पंखा बंद असेल, सकाळचे कप पालथे घातलेले असतील, आणि त्या कुणाला काही न सांगता आत जातील. आठ दिवस. मी त्यांना ते दिलं, असं मला म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ते त्यांनी स्वतःच घेतलं होतं, माझ्या उशीसकट सगळं भरून देऊन.

मी कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला, दार उघडलं. दोन खाटा वेगळ्या झाल्या होत्या, मध्ये हातभर जागा. खिडकीत बंदर हळूहळू सरकत होतं. आत कुणी नव्हतं.

मी चपला काढायला वाकले आणि तोंडातून निघून गेलं, "आले हो."